लाईटरूम, कॅप्चर वन की डार्कटेबल: तुमची रॉ फाईल कुठे उघडते ते आधी बघा

नवीन कॅमेरा घेतला की एडिटिंगला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ हे सगळेच विचारतात, मी उलट विचारतो, कॅमेरा कुठला आणि रॉ (म्हणजे सेन्सरचा कच्चा डेटा असलेली फाईल) कुठल्या मोडवर काढतोस? कारण रॉ नावाचा एकच फॉरमॅट नसतोच, कॅननचा सीआर३, निकॉनचा एनईएफ, सोनीचा एआरडब्ल्यू, फुजीचा आरएएफ, आणि कधीकधी तर एक्स्टेन्शन तेच राहतं पण आतला माल बदलतो. गेल्या दिवाळीत आतेभावाने नव्या कॅननच्या फाईली दिल्या आणि माझ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एकही उघडेना, तो बिचारा कार्ड गेलं म्हणून घामाघूम, फाईली मात्र ठणठणीत होत्या.

अडोबीच्या लाईटरूममध्ये नव्या कॅमेऱ्यांचा सपोर्ट लवकर येतो, पण दर महिन्याचे पैसे चालू. एकदाच विकत मिळणारं शेवटचं लाईटरूम ६, त्याचे अपडेट २०१७ च्या शेवटी थांबले, म्हणजे त्यानंतरच्या कॅमेऱ्याची रॉ त्यात थेट उघडत नाही. उपाय आहे, अडोबीचा डीएनजी कन्व्हर्टर फुकट मिळतो, त्यातून डीएनजी, म्हणजे अडोबीचाच खुला रॉ फॉरमॅट, करून घ्या, जुनं लाईटरूम पण ती घेतं. फक्त ओरिजिनल डिलीट करू नका हं, कॅनन-निकॉनच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमध्ये ही डीएनजी चालत नाही. आता दोन्ही ठेवायच्या म्हटलं की हार्डडिस्क भरते, त्याला इलाज नाही.

कॅप्चर वन रंगांना छान, आणि केबल लावून स्टुडिओत शूट करणार असाल तर मला तरी तेच बरं वाटतं. हॅसलब्लाड या महागड्या कॅमेऱ्यांच्या रॉ ते बरीच वर्षं घेत नव्हतं, पण तो प्रश्न आपल्यापैकी कितीजणांना पडणारे! फुकटची एक्सप्रेस आवृत्ती २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून ती शोधत बसू नका.

डार्कटेबल फुकट, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर, पण इथे धीर लागतो. सीआर३ कॅननने २०१८ ला एम५० कॅमेऱ्यात आणला आणि डार्कटेबलमध्ये तो आला ३.८ आवृत्तीत, डिसेंबर २०२१ मध्ये. कंपन्या फॉरमॅटची माहिती उघड करत नाहीत, मग स्वयंसेवक लोकांनी पाठवलेल्या सँपल फाईली बघून उलगडा करतात, वेळ लागणारच. निकॉन झेड८, झेड९ वाल्यांनी तर खास लक्ष द्या, त्यातल्या हाय एफिशिएन्सी (फाईल जास्त दाबून लहान करणाऱ्या) मोडच्या एनईएफ लाईटरूम घेतं, डार्कटेबल मात्र अडतं, लॉसलेस कॉम्प्रेस्ड (माहिती न गमावता दाबलेलं) ठेवलं की काम होतं. आधीच काढून बसलात तर पुन्हा तोच डीएनजी कन्व्हर्टर.

आणि उघडली म्हणजे झालं असं पण नाही. डार्कटेबलमध्ये नॉईज, म्हणजे फोटोतले दाणे, कमी करायचं प्रोफाईल प्रत्येक मॉडेलचं वेगळं लागतं, फोटो दिसतो पण प्रोफाईल अजून आलेलं नसतं असं नव्या कॅमेऱ्यांना होतं, मग हाताने स्लायडर ओढत बसा.

एका सॉफ्टवेअरमधून दुसरीकडे जायचं असेल तर अजून गंमत. स्टार आणि कीवर्ड एक्सएमपीतून (फोटोशेजारी राहणारी छोटी माहितीची फाईल) बऱ्यापैकी जातात, एडिट जात नाहीत, कारण प्रत्येकाचे स्लायडर आतून वेगळं गणित करतात. डार्कटेबल लाईटरूमच्या एक्सएमपीतलं थोडंफार उचलतं, क्रॉप वगैरे, पण रंग तसेच येतील ही आशा सोडा. त्यात फाईलचं नावही वेगळं, लाईटरूम लिहितं आयएमजी_१२३४.एक्सएमपी, डार्कटेबल लिहितं आयएमजी_१२३४.सीआर३.एक्सएमपी. जे फोटो फायनल झालेत त्यांची १६ बिट टिफ (एडिट पक्के झालेली, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाईल) काढून ठेवणं हेच मी करतो.

पैसे भरायच्या आधी तुमच्याच कॅमेऱ्यातून प्रत्येक रॉ मोडचा एकेक फोटो काढा आणि ट्रायलमध्ये उघडून बघा, अर्ध्या तासाचं काम आहे. आतेभावाने तसंच केलं, सीआर३ डार्कटेबलमध्ये व्यवस्थित उघडल्या, मग वाचलेल्या पैशात त्याने दुसरी बॅटरी घेतली.