लाचविरोधी प्रमाणपत्राचं पॅकेज: म्युनिकच्या खटल्यावर घासून पाहिलं

नागपूरजवळच्या हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखानदारांकडे सल्लागार आता आयएसओ ३७००१ घेऊन येतात. गुणवत्तेच्या आयएसओ ९००१ सारखंच एक मानक, पण लाचखोरी रोखण्याच्या व्यवस्थेचं. पॅकेजमध्ये साधारण चार गोष्टी असतात: धोरणाची फाइल, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण, अंतर्गत ऑडिट आणि शेवटी बाहेरच्या संस्थेचं प्रमाणपत्र. घ्यावं की नाही, हे ठरवायला एक कसोटी पुरते. फॉर्म्युला वन मोटार शर्यतींचे तेव्हाचे सर्वेसर्वा बर्नी एक्लस्टन ज्या व्यवहारावरून २०१४ मध्ये म्युनिकच्या कोर्टात आरोपी म्हणून बसले, तो व्यवहार या फाइलीत अडला असता का?

व्यवहार असा. किर्श हा जर्मन माध्यमसमूह बुडाल्यावर त्याचा फॉर्म्युला वनमधला हिस्सा त्याला कर्ज देणाऱ्या बँकांकडे आला. त्यातला बव्हेरियाच्या सरकारी बँकेचा, बायर्न एलबीचा, ४७.२ टक्के हिस्सा पुढे सीव्हीसी या गुंतवणूक कंपनीला विकला गेला. विक्री सांभाळणारे बँकेचे अधिकारी गेरहार्ड ग्रिबकोव्स्की यांना एक्लस्टन यांच्या बाजूकडून सुमारे ४ कोटी ४० लाख डॉलर मिळाले. कागदावर ती सल्ल्याची फी. पैसा मॉरिशस आणि कॅरिबियनमधल्या कंपन्यांतून फिरून ऑस्ट्रियातल्या त्यांच्या कंपन्यांत उतरला. याच विक्रीसाठी बँकेने एक्लस्टन यांना ४ कोटी डॉलरहून जास्त कमिशन दिलं. ग्रिबकोव्स्कींना २०१२ मध्ये साडेआठ वर्षांची शिक्षा झाली. एक्लस्टन यांनी लाचेचा आरोप कायम नाकारला. ग्रिबकोव्स्की आपल्याबद्दल ब्रिटिश करखात्याकडे खोटंनाटं सांगतील या भीतीने पैसे दिले, असं त्यांचं म्हणणं. एप्रिल २०१४ ला सुरू झालेला खटला ऑगस्टमध्ये १० कोटी डॉलर भरून थांबला: ९ कोटी ९० लाख सरकारी तिजोरीत, १० लाख डॉलर असाध्य आजारी मुलांची शुश्रूषा करणाऱ्या हॉस्पिसला. जर्मन फौजदारी प्रक्रियेच्या कलम १५३अ मध्ये तशी सोय आहे. त्यात दोषी ठरत नाही, निर्दोषही ठरत नाही.

आता फाइल उघडा. बहुतेक तयार नमुन्यांत सगळ्यात जाड प्रकरण भेटवस्तूंचं असतं. दिवाळीला संत्रा बर्फीचा डबा चालेल की नाही, किती रुपयांपर्यंत, नोंदवही कुणाकडे. ते असू द्या, पण म्युनिकमध्ये मिठाईचा डबा नव्हता, सल्लागाराचं बिल होतं. म्हणून पॅकेजची खरी परीक्षा आर्थिक नियंत्रण आणि व्यवहारातल्या तिसऱ्या माणसाची पडताळणी या दोन कलमांवर होते. मानकाच्या परिशिष्टातले प्रश्न सरळ आहेत: हे काम खरंच गरजेचं होतं का, ते झालं का, आणि मोबदला कामाच्या मानाने वाजवी आहे का? टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कन्सल्टन्सी’, ‘कमिशन’, ‘लायझनिंग’ आणि ‘किरकोळ खर्च’ ही चार लेजर (खाती) काढा. प्रत्येक मोठ्या नोंदीमागे करार, झालेल्या कामाचा कागद आणि दोन सह्या आहेत का ते बघा. पैसे करार करणाऱ्याच्याच नावावर, त्याच देशातल्या खात्यात गेले का, हेही बघा. भाव ठरवणारा आणि बिल मंजूर करणारा एकच माणूस असेल, तर दुसरी सही निव्वळ शोभेची.

कमिशनचा मुद्दा नीट समजून घ्यावा, कारण इथेच बरेच जण फसतात. लाच दरवेळी वेगळ्या थैलीतून येत नाही. विकणाऱ्याने दिलेल्या जास्तीच्या कमिशनमधूनच ती परत फिरते, म्हणजे ज्याचं नुकसान होतं त्याच्याच पैशातून. जर्मन सरकारी वकिलांच्या मांडणीत बँकेने दिलेलं कमिशन म्हणून इतकं महत्त्वाचं होतं. वेकोलि (कोळसा) आणि मॉइल (मँगनीज) या सरकारी कंपन्यांना किंवा कोराडीच्या वीज केंद्राच्या कामांना माल देताना मधला एजंट नेहमीपेक्षा दुप्पट टक्के मागत असेल, तर वरचे टक्के कुठे जाणार, हे आधी विचारायचं.

प्रशिक्षणाच्या भागात कायदा अर्धवट शिकवला जातो. खंडणीसारखी अडवणूक करून पैसे घेतले गेले, तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनुसार सात दिवसांत तपास यंत्रणेला कळवावं लागतं. कळवलं नाही तर देणाराही गुन्हेगार. आधीच कळवून सापळ्यात मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा (एसीबी) १०६४ हा क्रमांक गेटवर आणि स्टोअरमध्ये लावलेला हवा. याच दुरुस्तीने कंपनीलाही जबाबदार धरलंय, आणि ‘आमच्याकडे पुरेशी व्यवस्था होती’ हा तिचा बचाव आहे. प्रमाणपत्र त्या बचावातला एक कागद आहे, ढाल नव्हे. फाइल छोट्या रकमांनाही सूट देत असेल तर ती तिथेच परत करा. कागद लवकर हलवायला दिलेलं चहापाणी या मानकात लाचच आहे.

समोरचा माणूस लोकसेवक आहे का, हा प्रश्नही म्युनिकमध्ये कळीचा होता. सरकारी बँकेचा अधिकारी लोकसेवक ठरतो, हे एक्लस्टन यांना ठाऊक होतं हे सिद्ध करणं कठीण होतं. आपल्याकडे २०१६ मध्ये ग्लोबल ट्रस्ट बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने खासगी बँकेच्या वरिष्ठांनाही भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यापुरतं लोकसेवक मानलं. तेव्हा कर्ज मंजूर करणारा मॅनेजर ‘खासगी’ आहे म्हणून निश्चिंत राहू नका. आयएसओ ३७००१ तर सरकारी-खासगी असा फरकच करत नाही.

पॅकेजची सगळ्यात कच्ची बाजू म्हणजे मालक. मानकाला लाचविरोधी काम बघणारा एक माणूस हवा असतो, आणि त्याला थेट संचालक मंडळापर्यंत जाता आलं पाहिजे. चाळीस माणसांच्या कारखान्यात ते काम अकाउंटंटकडे जातं आणि त्याचा पगार मालकाच्या हातात असतो. आरोप मालकावरच असेल तर तो बोलणार कुणाकडे? उपाय मानकातच आहे: हे काम पूर्ण किंवा काही प्रमाणात बाहेरच्या व्यक्तीकडे देता येतं. बाहेरचा सीए किंवा वकील नेमा, तक्रारी थेट त्याच्याकडे जाऊ द्या. सीसीटीव्हीखाली टांगलेली आणि किल्ली मालकाच्या ड्रॉवरमध्ये असलेली तक्रारपेटी कायम रिकामी राहते.

प्रमाणपत्र खरं आहे का, हे तपासणं सोपं आहे. आयएसओ स्वतः कुणालाच प्रमाणपत्र देत नाही. देणाऱ्या संस्थेला भारतातल्या एनएबीसीबीसारख्या मान्यता मंडळाची मान्यता, तीही याच मानकासाठी, हवी. ‘आयएएफ सर्टसर्च’ या आंतरराष्ट्रीय संकेतस्थळावर नाव शोधता येतं. व्याप्तीची ओळ मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. तिथे फक्त ‘उत्पादन’ लिहिलं असेल, तर खरेदी-विक्री बाहेरच राहिली, आणि लाच तिथेच फिरते. ऑडिट दोन टप्प्यांत होतं: आधी कागद, मग प्रत्यक्ष काम. मुदत तीन वर्षांची, मधे दरवर्षी पाहणी. आठवड्याभरात हातात देतो म्हणणारा फक्त छापील कागद विकतोय. २०२५ मध्ये मानकाची नवी आवृत्ती आली आहे, तेव्हा २०१६ ची फाइल नव्या किमतीत घेऊ नका.

आमचं मत: परदेशी ग्राहक असलेल्या किंवा सरकारी निविदा भरणाऱ्या कारखान्याने हे घ्यावं, पण नमुना-फाइलीचं पॅकेज नको. अॅडव्हान्सचा चेक देण्याआधी सल्लागारापुढे मागच्या वर्षातलं तुमचं सगळ्यात मोठं कन्सल्टन्सीचं बिल ठेवा आणि हे कसं तपासाल, ते विचारा. तो करार, कामाचा पुरावा आणि खात्याचा देश मागत असेल तर पुढे बोला. भेटवस्तूंच्या नोंदवहीकडे वळला, तर चेक खिशातच ठेवा.