शिडी दाराला लावायची की गाडीत ठेवायची?

सोलर वॉटर हीटर बसवायचं काम म्हटलं की निम्मं सामान टपावर असतं. पाइप, अँगल, दोर, वर ताडपत्री. माझ्याकडे इको आहे आणि भावाकडे टेम्पो ट्रॅव्हलरची डिलिव्हरी व्हॅन. (कंपनीचं नाव २००५ मध्ये 'फोर्स' झालं, पण आपल्या तोंडी अजून 'टेम्पो'च.) दोघांनीही एकाच महिन्यात टपावर चढायच्या शिडीचा विचार केला आणि दोघांची उत्तरं वेगळी निघाली. म्हणून हे लिहितोय, कारण फॅब्रिकेटरकडे गेलात तर तो एकच उत्तर देतो: ठोकून टाकू.

सगळ्यात आधी मागचं दार कसं उघडतं ते बघा. इकोचं दार वर उचललं जातं. त्यावर शिडी चढवली की तिचं वजन दर वेळी दारासोबत उचलावं लागतं. दार वर धरणाऱ्या शॉकरचा हिशोब मूळ दाराच्या वजनावर केलेला असतो, त्यामुळे ते लवकर दमतात आणि एक दिवस दार डोक्यावर येतं. इको, जुनी ओम्नी अशा गाड्यांच्या दाराला शिडी लावायचीच नाही, इथे माझ्या मनात काहीच किंतु नाही. दार बाजूला उघडणारं असेल तरच पुढचं वाचा.

बाजूला उघडणाऱ्या दारावर शिडी छान बसते, पण जोर कुठे पडतो ते समजून घ्या. चढणाऱ्या माणसाचा भार दाराच्या बाहेर लोंबत असतो. त्यामुळे शिडीचे वरचे बोल्ट बाहेर ओढले जातात आणि खालचे आत दाबले जातात. ८५ किलोचा माणूस, वरच्या-खालच्या बोल्टमध्ये सव्वा मीटर अंतर, अंग दारापासून हातभर बाहेर, असं धरलं तर वरच्या बाजूला साधारण २५-३० किलोची ओढ येते. माणूस झटक्यात चढला तर त्याहून जास्त. ही ओढ नुसत्या पातळ पत्र्यावर घेतली तर पत्रा फुगतो, भोक मोठं होतं आणि पावसात तिथूनच पाणी आत शिरतं. म्हणून आतल्या बाजूने जाड पट्टी हवीच. भोक पाडल्यावर त्याच्या कडेला प्रायमर, मग सीलंट. भावाच्या गाडीला ज्याने शिडी लावली त्याने नुसता वॉशर लावला होता. पुढच्याच पावसाळ्यात दाराच्या आत गंज दिसला आणि काम दुसऱ्यांदा करावं लागलं.

भोक न पाडता दाराच्या वरच्या-खालच्या कडेला हुकने अडकणाऱ्या शिड्याही असतात. पत्रा वाचतो, मात्र हुकखाली रबर हवं आणि दर महिन्याला बोल्ट आवळायला हवेत. दोन्ही प्रकारांत एक नियम: दार बंद असतानाच चढायचं. दार उघडं असताना सगळं वजन बिजागऱ्यांवर येतं. बंद असताना कुलूप आणि चौकट त्यातला वाटा उचलतात.

खर्च आणि टिकाऊपणाचं थोडक्यात. एमएस (साध्या लोखंडाचा) पाइप स्वस्त आणि कुठेही वेल्ड होतो, पण गंजतो. अॅल्युमिनियमचं वजन लोखंडाच्या साधारण तिसरा हिस्सा, त्यामुळे दारासाठी तेच बरं. कोकणात स्टेनलेस घ्यायचंच असेल तर ३०४ ऐवजी ३१६ ग्रेड मागा. खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. पायऱ्यांमधलं अंतर ३० सेंटिमीटरच्या आसपास असू द्या. पायरी आणि दारामध्ये बूट आत जाईल एवढी जागा हवी, निदान १५ सेंटिमीटर. नाहीतर बोटांवर चढावं लागतं. पण तेवढीच शिडी मागे बाहेर निघते. रिव्हर्स घेताना तिचाच आधी भिंतीशी सामना होतो, आणि दार मागे पूर्ण वळवून गाडीच्या अंगाला टेकवता येत नाही. माल भरताना ही गोष्ट रोज खटकते.

टेलिस्कोपिक शिडी, म्हणजे नळ्या एकमेकींत सरकवून छोटी होणारी, इथेच जिंकते. घडी केली की सीटमागे मावते. गाडीपासून लांब, साइटवर भिंतीलाही वापरता येते. इकोचं टप जमिनीपासून जेमतेम पावणेदोन-दोन मीटर, तेवढ्यासाठी छोटी शिडी पुरते. घाईच्या वेळी मी सरकत्या दाराच्या उंबऱ्यावर उभं राहूनच दोर सोडवतो. टेलिस्कोपिक शिडीचा तोटा असा की ती दर वेळी काढावी लागते, नीट टेकवावी लागते (दर चार फूट उंचीला पाया एक फूट बाहेर), आणि ओल्या मातीत घसरते. दिवसातून दोनदा चढत असाल तर चालतं. भाऊ दहा वेळा चढतो, त्याला दाराचीच परवडते.

सामान हातात घेऊन कुठल्याच शिडीवर चढू नका. दोन्ही हात मोकळे, सामान दोराने.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठणकावून सांगितलं. म्हणून पासिंगच्या आधी आरटीओत विचारून घ्या. नंबरप्लेट आणि मागचे दिवे शिडीआड जाता कामा नयेत. टपावर माणसं बसवणं तर कलम १२३ नुसार सरळ गुन्हा.

एक गोष्ट कुणी सांगत नाही. दाराला कायमची शिडी असली की जत्रेत पोरं चढतात, आणि रात्री ताडपत्रीखाली काय आहे हे बघायला इतरही. भावाने शिडीचा खालचा अर्धा भाग दोन पिनांवर काढता-घालता येईल असा करून घेतलाय. गल्लीत गाडी लावली की तो भाग आत.