पुण्यातल्या घरामागची जपानी धाटणीची बाग: एक पावसाळा, एक हिवाळा आणि एक उन्हाळा झाल्यावर

आधी निकाल सांगते, मग तपशील. पुण्यात जपानी धाटणीची बाग करायची असेल तर कुंती (म्हणजे कामिनी), पाइनची जागा घेणारा पोडोकार्पस, जमीन झाकणारा मोंडो ग्रास आणि बेटाने वाढणारा बांबू बिनधास्त घ्या. सायकस घ्यायला हरकत नाही, पण त्याच्यावर लक्ष ठेवायची तयारी हवी. अझेलियाची फुलझुडपं आणि जपानी मेपल यांचा नाद मात्र सोडा, कितीही मोह झाला तरी.

जागा साधारण वीस फूट लांब आणि बारा फूट रुंद, घराच्या पूर्वेला. सकाळी अकरापर्यंत ऊन, नंतर भिंतीची सावली. पाणी बोअरचं, चांगलंच जड. माती काळी चिकट, म्हणून खाली मुरूम टाकून वर लाल माती आणि शेणखत घातलं. लागवड मागच्या जूनमधली आणि आता पुन्हा पाऊस सुरू झालाय.

पुण्यात आपल्याला एक मोठी सोय आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान म्हणजे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. ते दहा एकरांत, जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभं केलंय. मूळ कोराकुएन तिथल्या सरदाराने, इकेदा त्सुनामासाने, १६८७ साली सुरू केली आणि १७०० मध्ये ती पूर्ण झाली. तिथली ऐसपैस हिरवळ आणि वाहतं पाणी घरच्या जागेत येणार नाही. पण झाडं कशी निवडायची ते तिथे नीट कळतं. प्रत्येक झाडाला काम नेमून दिलेलं असतं. कुणी टेकडीचा भास द्यायचा, कुणी वय दाखवायचं, कुणी जमीन झाकायची, कुणी ऋतू सांगायचा. मी यादी केली ती या कामांची. जपानमध्ये ते काम कोणतं झाड करतं हे आधी पाहिलं आणि मग पुण्यात ते कोण करू शकेल ते शोधलं.

हवामानाचा मुद्दा नीट समजून घ्या, कारण सगळं त्यावर ठरतं. आपल्याला वाटतं जपान थंड, पुणे गरम, एवढाच फरक. पण क्योतोचा उन्हाळाही पस्तिशीच्या वर जातो. तिथे वर्षाला साधारण १५०० मिमी पाऊस पडतो आणि तो बाराही महिन्यांत विभागलेला असतो. उन्हाळ्यात हवा ओलसर असते. पुण्यात सातशे-साडेसातशे मिमी, बहुतेक सगळा जून ते ऑक्टोबरमध्ये, आणि मार्च-एप्रिलच्या दुपारी हवा अगदी कोरडी. शिवाय तिकडची बरीच झाडं कडाक्याच्या थंडीत विश्रांती घेतात, ती थंडी इथे पडत नाही. जपानी मेपल या दोन्ही कारणांनी मार खातो. ओळखीच्या दोन घरांत कुंडीतले मेपल पाहिले. जानेवारीत सुंदर दिसणारी पानं एप्रिलमध्ये कडांनी करपून तपकिरी झाली होती. सावली आणि पाणी दोन्ही भरपूर असूनही.

आता कुंती. हिच्याबद्दल मी तासभर बोलू शकते. ओकायामा प्रांतातच ताकाहाशी गावात राइक्यूजी नावाचं मंदिर आहे. तिथली बाग कोबोरी एन्शू या जुन्या काळच्या नामवंत बागरचनाकाराची मानली जाते आणि तिथे अझेलिया छाटून छाटून समुद्राच्या लाटा केल्या आहेत. छाटलेल्या झुडपांच्या अशा रचनेला कारिकोमी म्हणतात. मला नेमकी तीच हवी होती. अझेलियाला आम्लधर्मी माती लागते आणि आपलं बोअरचं पाणी माती उलट दिशेला नेतं. मातीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही, पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. ते काम मी कुंतीकडे दिलं. वेगवेगळ्या उंचीची सात रोपं, एकमेकांना खेटून. पान बारीक, चकचकीत, गर्द. कात्री लावली की दोन आठवड्यांत नवी पालवी. मे महिन्यात दिवसाआड पाणी मिळालं तेवढ्यावर ती हिरवीगार राहिली. लिंबाच्या कुळातलं झाड, त्यामुळे अळी कधीतरी येते, हाताने वेचली की भागतं.

कुंतीची एक अडचण सांगायला हवी. सतत छाटलं तर फुलं कमी येतात. मी मार्ग काढलाय तो असा: मागच्या ओळीतली रोपं मे महिन्यात छाटायचीच नाहीत. वळवाचा पाऊस पडून गेला की आठवड्याभरात ती पांढरीशुभ्र फुलतात आणि रात्री खिडकी उघडली की सुगंध आत येतो. बहर ओसरला की मग कात्री. जपानी माळीही अझेलिया फुलून गेल्यावरच छाटतात.

पाइनची जागा पोडोकार्पसला दिली. ही तडजोड नाही, हे आवर्जून सांगते. जपानमध्ये याला माकी म्हणतात, चिबा प्रांताचं ते अधिकृत झाड आहे आणि घराच्या फाटकावर एक लांब फांदी आडवी झुकवायची जी जुनी पद्धत आहे, त्यात पाइनइतकाच माकीही वापरतात. पुण्यात त्याची एकही तक्रार नाही, फक्त वाढ संथ आहे. वर्षात जेमतेम वीतभर वाढला. म्हणून लहान रोप घेऊन वाट पाहण्यापेक्षा बुंधा थोडा वाकडा असलेलं मोठं झाड शोधा. नर्सरीत असली वाकडी झाडं मागे टाकलेली असतात, तीच आपल्या कामाची. आमचे माळीकाका सुरूचं झाड लावा म्हणत होते. दिसायला ते पाइनसारखं खरं, पण वाढतं भराभर आणि एवढ्या जागेत सारखी छाटणी करावी लागली असती.

सायकस मूळचाच दक्षिण जपानचा. क्योतोच्या निजो किल्ल्यातल्या बागेत हिवाळ्यात त्याला गवताच्या चटया गुंडाळतात. पुण्यात थंडीची चिंता नाही, चिंता आहे ती एका छोट्या निळसर फुलपाखराची. सायकसला नवी पानं एकदम, एकाच झुबक्यात येतात. नेमकी तेव्हाच हे फुलपाखरू कोवळ्या पानांवर अंडी घालतं आणि अळ्या चार-पाच दिवसांत अख्खा झुबका कुरतडून टाकतात. पावसाळ्यात हा त्रास सर्वात जास्त. झुबका वर येताना दिसला की लगेच मच्छरदाणीचं कापड सैलसर बांधा आणि पानं कडक होईपर्यंत सोडू नका. कडक पान अळीला खाता येत नाही. माझे दोन्ही झुबके असेच वाचले. घरात कुत्रा असेल तर मात्र सायकस नकोच. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, बिया सर्वात जास्त.

जमिनीवर काय? सगळ्यांना शेवाळ हवं असतं, मलाही. पुण्यात ते जुलैत काळ्या दगडांवर आपोआप येतं, दिवाळीनंतर सुकून तपकिरी होतं आणि पुढच्या पावसात परत हिरवं होतं. ते मेलेलं नसतं, खरवडू नका. बारमाही हिरव्यासाठी सावलीत बुटका मोंडो ग्रास लावला. जपानी बागांत पायवाटेच्या दगडांमधे हाच असतो. रोपं तीन बोटांच्या अंतरावर लावली तरी जागा पूर्ण भरायला वर्ष लागलं, पण एप्रिलमध्येही रंग उतरला नाही. उन्हाच्या पट्ट्यात कोरियन ग्रास आहे. ते कापलं नाही तर त्याचे मऊ उंचवटे तयार होतात आणि लांबून शेवाळच वाटतं.

बांबूबद्दल एकच गोष्ट: मुळं पसरवत धावणारी जात घेऊ नका, शेजारच्या आवारात निघेल. बेटाने वाढणारी घ्या. पानगळ खूप होते, ती मी कुंतीच्या बुंध्याशी पसरते.

ऋतू सांगायचं काम सावणीकडे, म्हणजे लॅगरस्ट्रोमिया इंडिकाकडे. आपल्या ताम्हणाची ही धाकटी बहीण. जपानी मंदिरांच्या अंगणातही ती असते. हिवाळ्यात पानं गाळून गुळगुळीत खोड उघडं करते, आणि मेपलकडून जे हवं होतं ते मला इथे मिळालं. तिची छाटणी फेब्रुवारीत करा. फुलं नव्या फांद्यांवर येतात, त्यामुळे उशीर झाला की बहर पुढे जातो.

देखभालीचा हिशोब: पावसाळ्यात कुंतीला तीन-चार आठवड्यांनी कात्री, उन्हाळ्यात त्याहून कमी. बाकी वेळ जातो तो वाळकी पानं वेचण्यात. कात्री धारदार हवी. बोथट कात्रीने पानांच्या कडा चेचल्या जातात, दोन दिवसांत वाळतात आणि कुंतीचा गोल तपकिरी दिसायला लागतो.