मिरर, एंटरप्राइझ की फायरफ्लाय? पहिली जुनी डिंगी घेताना

आमच्या ओळखीचं एक मराठी जोडपं इंग्लंडमध्ये लेस्टरजवळ राहतं. मुलगी नऊ वर्षांची. गेल्या उन्हाळ्यात तिघंही जवळच्या तलावावर शिडाची होडी चालवायला शिकले आणि आता त्यांना स्वतःची डिंगी, म्हणजे लहान उघडी शिडाची होडी, हवी आहे. नवी परवडत नाही, आणि इथे नवी घ्यायची गरजही नाही. गॅरेजांत, क्लबच्या कुंपणालगत ताडपत्रीखाली साठ ते ऐंशी वर्षांपूर्वीच्या आराखड्यांच्या होड्या पडून असतात आणि काहीशे पाउंडांत, कधी ट्रेलरसकट मिळतात. शोधता शोधता त्यांच्यापुढे तीन नावं उरली: मिरर, एंटरप्राइझ आणि फायरफ्लाय. मी तिन्ही चालवल्या आहेत, त्यांतली मिरर बरीच वर्षं घरात आहे. त्यांना जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. वेग बघून निवडू नका. तिन्ही होड्या दोघांनी चालवायच्या. मागे बसणाऱ्याच्या हातात सुकाणू आणि मोठं शीड, पुढे बसणाऱ्याकडे पुढचं लहान शीड, म्हणजे जिब. ही जिबची दोरी कोणाच्या हातात असणार? आणि संध्याकाळी थकल्यावर होडी उतारावरून वर ओढायला किती माणसं असणार? या दोन प्रश्नांची खरी उत्तरं द्या, निम्मी निवड तिथेच होते.

नऊ वर्षांची मुलगी पुढे बसणार असेल तर माझं उत्तर मिरर. लांबी 3.30 मीटर, नुसत्या होडीचं वजन साडेपंचेचाळीस किलो. दोन मोठी माणसं ती उचलून गाडीच्या टपावर ठेवू शकतात. 1963 च्या जानेवारीत लंडनच्या बोट शोमध्ये ती लोकांपुढे आली. मागे होतं 'डेली मिरर' हे वर्तमानपत्र. नाव त्याचंच, आणि शिडांचा लाल रंगही त्याचाच. आराखडा जॅक होल्ट यांचा. पण ही होडी कोणालाही घरी बांधता येईल ही युक्ती बॅरी बकनेल यांची. घरच्या घरी सुतारकाम कसं करावं हे टीव्हीवर शिकवणारा हा माणूस. प्लायवूडचे कापलेले तुकडे पेटीत यायचे. कडेकडेने भोकं पाडून, गोधडीला घालतात तसे तांब्याच्या तारेचे टाके घालून ते जोडायचे आणि सांध्यावर फायबरग्लासची पट्टी रेझिनने चिकटवायची. तेव्हाची किंमत 63 पाउंड 11 शिलिंग. ज्यांच्या घरात कोणी कधी यॉट क्लबची पायरी चढलं नव्हतं, त्यांनी पुढच्या खोलीत होडी बांधली. आजवर सत्तर हजारांहून जास्त मिरर बनल्या.

ही बांधणी तुमच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. माझ्या मिररच्या तळाला एका वर्षी पाणी झिरपू लागलं. उजव्या बाजूच्या सांध्यावरची पट्टी नखाने उचलली तर हातभर लांबीची अलगद सुटून आली. खाली प्लायवूड काळं पडलेलं, आणि त्यात तारेचे टाके हिरवट होऊन अजून जागच्या जागी. ओलं लाकूड दोन आठवडे वाळू दिलं, सडलेला भाग खरवडला, इपॉक्सी भरलं, नवी पट्टी लावली. घरातल्या बाकावर, हातातल्या हत्यारांनी. जी होडी हौशी माणसाने बांधली, ती हौशी माणसाला दुरुस्तही करता येते. मिररवर माझा जीव आहे तो मुख्यतः यासाठी.

तिची डोलकाठीही तशीच सोयीची. मूळ रचनेत ती आखूड असते, आणि तिला लागून दुसरी काठी शिडासकट वर, जवळजवळ उभी चढवतात. उतरवल्यावर सगळ्या काठ्या होडीच्या पोटात मावतात. 2006 पासून एकसंध उंच डोलकाठीलाही परवानगी आहे. शर्यतीत रस असेल तर ती बघा, नाहीतर जुनीच ठेवा. वारा पडला तर वल्ही मारून घरी येता येतं. उलटली तरी बंद हवेच्या कप्प्यांमुळे पुष्कळशी कोरडी वर येते. लहान मूल सोबत असताना याची किंमत कळते.

कमी कुठे पडते? दोन भरल्या अंगाची माणसं बसली की पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि चपट्या नाकामुळे लहान लाटांवर ती आपटत चालते.

एंटरप्राइझही जॅक होल्टचीच, आणि तिच्याही पाठीशी वर्तमानपत्रच: 'न्यूज क्रॉनिकल'. 1956 ची ही होडी फिक्या निळ्या शिडांवरून लांबून ओळखू येते. लांबी 4.04 मीटर, वजन 90 किलो. दोन शिडं मिळून साडेदहा चौरस मीटर, तर मिररची साडेसहाच्या आसपास. पाठीमागच्या वाऱ्यात फुगणारं जादा मोठं शीड, म्हणजे स्पिनेकर नाही, दोरीला लटकायचं ट्रॅपीझ नाही. त्यामुळे शर्यत जिंकायची ती शरीराचा तोल सांभाळून आणि वारा वाचून. साधारण सव्वाशे किलोची जोडी हिच्यात छान बसते, म्हणजे नवरा-बायको दोघंच जाणार असतील तर हीच.

आपल्याकडच्या पाण्याशी नातं असलेली होडीही हीच. 1982 च्या आशियाई स्पर्धेतल्या यॉटिंगच्या शर्यती मुंबईत झाल्या, त्यात एंटरप्राइझ हा एक वर्ग होता. (त्याच स्पर्धेत फारूख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवलं, ते फायरबॉल या दुसऱ्या वर्गात.) मुंबई-पुण्यात लष्कराच्या किंवा नौदलाच्या केंद्रात शीड हाताळलेल्या कोणालाही विचारा, ही होडी त्यांना माहीत असते.

पण एंटरप्राइझला खोडही आहे. वारा पाठीमागून असताना मोठं शीड एका बाजूला आणि जिब काठीने दुसऱ्या बाजूला, असे दोन्ही पंख पसरून ती पळते. वारा चढला की याच वेळी डावी-उजवीकडे झुलू लागते, आणि सवय नसलेल्या जोडीला तिसऱ्या-चौथ्या झोल्यात पाण्यात टाकते. अशा वेळी तळातली पाती (होडी बाजूला घसरू नये म्हणून पाण्यात उतरवतात ती फळी) पूर्ण वर घेऊ नका, थोडी खाली असू द्या, आणि सरळ वाऱ्याच्या दिशेने न जाता किंचित तिरपे जा. जुनी लाकडी एंटरप्राइझ उलटून सरळ झाली की काठोकाठ भरलेली असते. मी एकदा नोव्हेंबरात बादलीने पाणी उपसत बसलो होतो. हात बधिर झाले, होडी हलेना, आणि दर लाटेबरोबर उपसलेलं पाणी परत आत. नंतरच्या नमुन्यांत तळ असा केला की पाणी आपोआप बाहेर जातं. मुलाबाळांना घेऊन जायचं असेल तर तसलीच शोधा, दोन पैसे जास्त गेले तरी.

आता वेग. वेगवेगळ्या प्रकारच्या होड्या एकत्र पळतात त्या मिश्र शर्यतींत इथले क्लब पोर्ट्समथ यार्डस्टिक वापरतात. प्रत्येक वर्गाला एक आकडा असतो. लागलेल्या वेळेला हजाराने गुणायचं आणि त्या आकड्याने भागायचं. मिररचा आकडा 1390 च्या आसपास, फायरफ्लायचा 1170, एंटरप्राइझचा 1120. म्हणजे मिररने 70 मिनिटं घेतली तर तिला मागे टाकायला एंटरप्राइझला तेच अंतर साधारण साडेछप्पन मिनिटांच्या आत कापावं लागतं. सगळ्यांत शेवटी येऊनही तुम्ही जिंकू शकता. मुलांना हा हिशोब समजावून सांगा, त्यांना फार आवडतो.

फायरफ्लायकडे मात्र मन लावून बघावं. 1946 साली युद्ध नुकतंच संपलं होतं. विमानं बांधणाऱ्या फेअरी कंपनीच्या हॅम्बल इथल्या कारखान्यात, अफा फॉक्स यांच्या आराखड्यावरून ती घडली. बर्च लाकडाचे पातळ पापुद्रे साच्यावर थरावर थर चिकटवायचे आणि दाबाच्या मोठ्या भट्टीत भाजून घ्यायचे. विमानांसाठी शिकलेली विद्या होडीला लागली. म्हणून तिच्या अंगाला कुठे कोपरा नाही. व्हार्निश केलेल्या जुन्या फायरफ्लायच्या पोटात हात फिरवला की लाकूड कुठे वळलं ते कळतच नाही. पहिल्या चार होड्यांची नावं फी, फाय, फो, फम. 1948 च्या ऑलिंपिकमध्ये, टॉर्कीच्या उपसागरात, एकट्याने चालवायच्या शर्यती, एरवी ही दोघांची होडी असली तरी, हिच्यातच झाल्या. वीस वर्षांचा डॅनिश पॉल एल्व्हस्ट्रॉम पहिली शर्यत अर्धवट सोडून परतला, आणि शेवटच्या दोन जिंकून सुवर्णपदक घेऊन गेला. पुढे आणखी तीन ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्ण मिळवलं. 1952 पासून तिची जागा फिन या होडीने घेतली, पण ब्रिटिश विद्यापीठांच्या सांघिक शर्यतींत फायरफ्लाय आजही पळते.

लांबी 3.66 मीटर, वजन 74 किलो, हलक्या वजनाच्या जोडीसाठी उत्तम, चटकन वळणारी. तरीही पहिली होडी म्हणून लाकडी फायरफ्लाय घ्यायला मी सांगणार नाही. मिररचा तुकडा सडला तर प्लायवूडच्या दुकानातून नवा आणता येतो. हे वळणदार लाकूड दुकानात मिळत नाही, त्याला जाणकार हात आणि धीर लागतो. दुसरी होडी म्हणून घ्या, आणि मग नीट जपा.

कोणी वेफेअरर ही आणखी एक मोठी डिंगीही सुचवेल. फ्रँक डाय 1963 मध्ये तिच्यातून स्कॉटलंडहून आइसलंडला गेले, इतकी ती भक्कम. पण 169 किलो. तिघांच्या कुटुंबाला पाण्यात छान, उतारावर नाही.

या जोडप्याला मी मिरर सांगितली. एक नॉटिंगहॅमच्या बाजूला निघाली आहे, शनिवारी बघायला जातोय. मालकाला आधीच विचारून ठेवलंय की चाकूच्या टोकाने हळूच टोचून पाहिलं तर चालेल ना. तळातल्या पातीच्या खोक्याभोवती, डोलकाठीच्या बुडाशी आणि मागच्या फळीच्या खालच्या कोपऱ्यांत टोक आत रुतलं तर किंमत खाली आणायची, दोन बोटं आत गेलं तर परत फिरायचं. हवेच्या कप्प्यांची झाकणं उघडून वास घ्यायचा, कुबट आला तर टॉर्च लावायचा. शर्यतीचा विचार असेल तर मोजमापाचं प्रमाणपत्र मागायचं आणि शिडावरचा नंबर होडीवरच्या नंबराशी जुळतो का ते बघायचं. शेवटी मुलीला आत पुढे बसवून जिबची दोरी तिच्या हातात द्यायची. हात दोन्ही बाजूंच्या दोऱ्यांपर्यंत न ताणता पोचले, तर पैसे द्यायचे.