जुना रेल्वे स्लीपर: शिळफाटा-महापे पट्ट्यातला माल कसा आहे

बागेतला बाक, पायऱ्या किंवा मातीला आधार यासाठी ठाणे-नवी मुंबईकडच्या या पट्ट्यातल्या वखारींत मिळणारा जुना लाकडी स्लीपर, म्हणजे रुळांखाली आडवा टाकलेला ओंडका, उत्तम माल आहे, पण साल या झाडाच्या लाकडाचा असेल तरच. ब्रॉडगेजचा (रुंद रेल्वेमार्गाचा) नग 2.75 मीटर लांब, 25 सेंटिमीटर रुंद आणि 13 सेंटिमीटर जाड, म्हणजे साधारण 3.15 घनफूट. कोरडा सालचा नग 75-80 किलोच्या आसपास भरतो. भाव घनफुटावरच ठरवा. पावसात भिजलेलं लाकूड वजनावर घेतलं तर पाण्याचेही पैसे जातात.

याचं मूळ काम दोन रुळांमधलं 1676 मिलिमीटरचं अंतर धरून ठेवायचं आणि गाडीचा भार खडीवर पसरवायचा. आता हे काम प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचे (आत ताणलेल्या पोलादी तारा असलेले) स्लीपर करतात. ते कुजत नाहीत, आणि त्यांच्या वजनामुळे उन्हात तापलेला सलग जोडलेला रूळ सहज बाजूला सरकत नाही.

अस्सल नगाची खूण रूळ जिथे टेकायचा तिथे असते. बेअरिंग प्लेट (रुळाखालची लोखंडी पाटी) दबून झालेले दोन चौकोनी खळगे, एकमेकांपासून सुमारे पावणेदोन मीटरवर, आणि त्यांत खिळ्यांची भोकं. ती नसतील तर नव्या लाकडाला जळकं ऑइल फासलं असल्याची शक्यता धरा. कूजही तिथूनच सुरू होते, कारण भोकांत पाणी साठतं. दोन्ही खळग्यांपाशी हातोडी मारून पाहा. ठणठणीत आवाज हवा. बद्द वाजला तर तो नग सोडा. टोकाच्या बारीक भेगा चालतात.

साल आणि सागवान बहुधा तसेच वापरत. देवदार, चीड यांना टिकवण्यासाठी क्रिओसोट (डांबरापासून काढलेलं तेल) मुरवलेलं असतं. त्याला डांबरासारखा वास येतो आणि ते उन्हात पाझरतं. असा नग बसायच्या बाकाला, भाजीच्या वाफ्याला किंवा मुलांच्या खेळायच्या जागेला अजिबात नको. उरलेले तुकडे शेकोटीत किंवा चुलीत घालू नका, धूर विषारी असतो.

कापताना खळग्यांच्या मधला सव्वा मीटरचा भाग सर्वांत निर्धोक. खिळा उपसताना डोकं तुटतं आणि बुंधा आतच राहतो. तो लागला की कार्बाइडच्या पात्याचे दात उडतात. म्हणून आधी लोहचुंबक फिरवा, शंका असेल तिथे खडूने खूण करा. वखारीतच कापून घेत असाल तरी हे स्वतः उभं राहून करून घ्या.

बसवताना खाली 10 सेंटिमीटर खडी टाका. ठाण्याच्या पावसात थेट मातीवर टेकवलेला सालही खालून कुजतो.