न्यूट्रल मास्क, बरेच महिने वापरून: चेहरा चांगला, इलॅस्टिक भंगार

मागच्या आठवड्यात अभिनयाच्या क्लासमध्ये ‘बोटीला निरोप’ हा एक्सरसाइज करताना मास्कचं इलॅस्टिक तुटलं, विक्रेत्याशी तीन-चार दिवस मेसेजवर भांडण झालं, आणि शेवटी ‘इलॅस्टिक वॉरंटीत येत नाही’ असं उत्तर आलं, म्हणून लिहितेय. मास्क म्हणजे न्यूट्रल मास्क, अभिनय शिकताना लावायचा, कुठलाच भाव नसलेला चेहरा. तोच, ऑनलाइन शोधलं की सगळ्यात आधी दिसतो तो, पांढरा, प्लास्टिकचा, पूर्ण चेहऱ्याचा, बाजूला दोन भोकं आणि त्यात ओवलेला रबराचा दोरा.

दहा रुपयांच्या इलॅस्टिकसाठी एवढा राग कशाला, असं ज्यांना वाटतंय त्यांनी मास्क लावून काम केलेलं नाही. न्यूट्रल मास्क चढवला की बोलायचं नाही आणि मास्कला हात लावायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सांगतात. प्रेक्षकांकडे पाठ करून चढवायचा, पाठ करूनच उतरवायचा. आता तुम्ही जमिनीवर पडून ‘जागं होणं’ हा एक्सरसाइज करताय, जगाकडे पहिल्यांदाच बघताय, हळूहळू मान उचलली आणि मास्क घामाने घसरून डोळ्यांची भोकं गालावर आली. दिसत काहीच नाही. हात वर गेला की संपलं, समोरच्यांना मास्क सावरणारी मुलगी दिसते, सर तिथेच थांबवतात आणि नंबर पुढच्याचा. वर्गात प्रत्येकाला मिळतात जेमतेम काही मिनिटं, ती अशी रबराच्या दोऱ्यापायी गेली की खरंच जीव तळमळतो.

दुसरं म्हणजे हा चेहऱ्याला अगदी चिकटून बसतो. मास्क चेहऱ्यापेक्षा थोडा मोठा हवा आणि मध्ये अंतर हवं, त्या अंतरामुळेच नट खेळू शकतो, हे फ्रेंच नाट्यशिक्षक जाक लकॉक यांनी सांगून ठेवलंय. १९४८ ते १९५६ ते इटलीत होते, तिथे पाडुआचे शिल्पकार आम्लेतो सार्तोरी यांच्याबरोबर या मास्कवर काम केलं आणि १९५६ मध्ये पॅरिसला नाटकाची शाळा काढली. सार्तोरींचे मास्क चामड्याचे, तपकिरी. ते आपल्याला परवडणारे नाहीत हे मान्य, पण अंतर ठेवायला प्लास्टिकमध्ये काय अडचण आहे? पांढऱ्या रंगावर लाइट मारला की चेहरा भुतासारखा दिसतो ते वेगळंच. नाकपुड्यांची भोकंही बारीक आहेत, धावायच्या एक्सरसाइजमध्ये दम कोंडतो. झारखंडच्या सरायकेला छाऊमधले मुखवटे लावून केलेले नाच छोटे का असतात ते कळलं, बंद मुखवट्यात श्वास किती पुरणार.

इथपर्यंत मी एकच स्टार देणार होते. पण नवीन घ्यायचे पैसे नव्हते म्हणून तोच दुरुस्त केला आणि मत बदललं. तुळशीबागेतून रुंद इलॅस्टिक आणलं, आमच्या कोपऱ्यावरच्या चप्पल शिवणाऱ्या काकांनी जुनी भोकं सोडून जरा वर, कानशिलाजवळ, आतून चामड्याचा तुकडा लावून रिपीट (रिव्हेट) मारून दिले. एक पट्टी कानाच्या वरून, दुसरी डोक्यावरून मागे. कपाळाला आणि दोन्ही गालांच्या हाडांवर स्पंजचे तुकडे चिकटवले, बोटभर अंतर सुटलं. खर्च शंभराच्या आत, आणि आता उलटी मान केली तरी हलत नाही. काकांना दोन मिनिटांत कळलं की ताण भोकावर येतोय म्हणून प्लास्टिक तडकणार, ते कंपनीला कळू नये?

आणि मग हा मास्क काय चीज आहे ते दिसायला लागलं. समुद्रातून बाहेर यायचं, जंगल, डोंगर, नदी, वाळवंट असा सगळा प्रवास असतो न्यूट्रल मास्कच्या एक्सरसाइजमध्ये. चेहरा झाकला की भुवया उडवून वेळ मारून नेता येत नाही. माझा डावा खांदा कायम वर असतो हे मला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, मास्कमध्ये मी फक्त चालले तर अख्ख्या वर्गाला दिसलं. नदी ओलांडताना आधी मी पाणी ‘दाखवायचे’, आता पाय थांबतो, वजन मागे जातं, मग पाऊल पडतं, आणि बघणारे म्हणतात पाणी थंड होतं वाटतं. ऑडिशनच्या रीलमध्येसुद्धा फरक पडलाय, मान शांत राहते.

आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे तिथल्या आदिवासी उत्सवात, मुखवटे लावून नाचतात, ते देवादिकांचे, त्यांना स्वभाव असतो, न्यूट्रलला तो नसतो, त्यामुळे तुलना नको. पण मुखवटा अंगावर पक्का बसायला हवा ही गरज दोन्हीकडे सारखीच आहे आणि विकणाऱ्याने एवढं तरी पाळावं.

घ्यायचा तर साडेतीनशेच्या वर देऊ नका, मी जास्त दिले. चष्मा असेल तर घेऊच नका, आत जागा नाही. वापरल्यावर ओल्या फडक्याने आतून पुसून सावलीत ठेवा, बॅगेत कोंबला की वास येतो. आणि आल्या आल्या, क्लासला नेण्याआधीच, तो रबराचा दोरा काढून टाका. चेहऱ्याला चार स्टार, बांधणीला शून्य. पुढच्या टर्मला स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या कार्निव्हलमधून आलेले ते मोठे, अर्धवट घडलेल्या चेहऱ्यासारखे लार्व्हल मास्क आहेत, ते मी विकत घेणार नाहीये, कागदाचा लगदा करून घरीच बनवणार आणि पट्ट्या काकांकडूनच लावून घेणार.