मामांची चप्पल आणि ३४ व्हिडिओ: व्हिडिओ प्लगइनचे अकरा महिने

माझ्या साइटवर आजच्या तारखेला ३४ व्हिडिओ आहेत आणि आत्ताआत्तापर्यंत त्यातल्या जवळजवळ सगळ्यांच्या थंबनेलमध्ये (व्हिडिओ सुरू होण्याआधी दिसतं ते चित्र) माझ्या सासऱ्यांची उजवी चप्पल होती. साइट द्राक्षबागेची. पिंपळगाव बसवंतजवळ सासऱ्यांची चार एकर थॉम्पसन द्राक्षाची बाग आहे. मामा (मी त्यांना मामाच म्हणतो) आधी रेकॉर्डिंगचं बटण दाबतात आणि मग फोन वर उचलतात, त्यामुळे पहिला सेकंद कायम जमिनीचा. आमचं व्हिडिओचं प्लगइन (साइटला जोडायचा छोटा प्रोग्राम) थंबनेलसाठी नेमका तोच सेकंद उचलतं. माती, ठिबकची नळी, चप्पल.

हे वाचून कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीवर काय लिहायचं. पण अकरा महिने मी ती चप्पल पाहिलीय. प्लगइनचं आणि होस्टिंगवाल्यांचं नाव लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक त्यावरच भांडत बसतात आणि मुद्दा राहून जातो.

मुळात व्हिडिओ स्वतःच्या जागेवर ठेवायचा हट्ट माझाच. व्हिडिओच्या मोफत साइटवर टाकले की काम पाच मिनिटांचं असतं, मान्य. पण मामा ज्या व्हिडिओत सांगतात की औषध कमी मारा, तोच संपल्यावर शेजारी कुठल्यातरी चमत्कारी टॉनिकचा व्हिडिओ उभा राहतो. मामांना हे आवडलं नाही. "आपल्या ओट्यावर दुसऱ्याची पथारी कशाला?" म्हणाले. झालं, गेल्या ऑगस्टात मी नाशिकला घरी बसून वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) चढवलं, सर्वात स्वस्त शेअर्ड होस्टिंग, म्हणजे अनेकांच्या साइट एकाच सर्व्हरवर, घेतलं (जाहिरातीत 'अमर्याद' जागा, 'अमर्याद' बँडविड्थ, म्हणजे पाहणाऱ्यांकडे जाणारा डेटा) आणि व्हिडिओ सांभाळणारं हे प्लगइन टाकलं. प्लगइन फुकट. त्याचं 'प्रो' विकतचं, तेही डॉलरमध्ये, दरवर्षी. ते घ्यायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरवलं होतं.

सुरुवातीचा अडथळा सगळ्यांना येतो तोच. वर्डप्रेस ज्या पीएचपी भाषेवर चालतं तिची मूळ मर्यादा चढवायच्या फाइलला २ एमबी आणि एका वेळी पाठवायच्या एकूण डेटाला (पोस्टला) ८ एमबी. होस्टिंगवाल्यांनी थोडी वाढवलेली असते, तरी फोनच्या व्हिडिओपुढे ती काहीच नाही. कंट्रोल पॅनलमधून दोन्ही आकडे वाढवले. एकच वाढवून भागत नाही, हे समजायला माझी एक रात्र गेली.

आता प्लगइनचं कौतुकही करतो, कारण ते खरं आहे. यादी सुरेख लावतं. खरड छाटणीचे (एप्रिलची, काड्या तयार करायची) व्हिडिओ एका पानावर, गोडी छाटणीचे (ऑक्टोबरची, फळासाठीची) दुसऱ्या, विरळणीचे तिसऱ्या. कुठवर पाहिलं ते लक्षात ठेवतं. मराठी सबटायटलची फाइल जोडता येते, आणि ती फार उपयोगी पडली. बागेत फवारणीचा ट्रॅक्टर चालू असतो आणि मामांचा आवाज त्यात विरतो. प्लेयरही हलका आहे.

पण ते व्हिडिओ लहान करून देत नाही. 'ऑटो कन्व्हर्ट' असं मोठं बटण आहे खरं. त्यासाठी सर्व्हरवर एफएफएमपेग हा व्हिडिओ बदलणारा प्रोग्राम लागतो आणि स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर तो बहुधा नसतो. असला तरी प्लगइनला तो चालवायची परवानगी नसते. बटण मात्र दिसतं. दाबलं की चक्र फिरत राहतं. सप्टेंबरमधला एक अख्खा रविवार मी त्या चक्राकडे बघण्यात घालवला.

त्यामुळे सगळं काम घरच्या लॅपटॉपवर हँडब्रेक या व्हिडिओ लहान करायच्या सॉफ्टवेअरमध्ये आलं. ते फुकट आहे आणि चांगलं आहे. मामांचा फोन १०८०पीला सेकंदाला साधारण १७ मेगाबिट लिहितो, म्हणजे मिनिटाला १२५ एमबीच्या वर. सहा मिनिटांचा व्हिडिओ पाऊण जीबी. निफाडच्या बागेत टॉवरची एक काडी दाखवणाऱ्या फोनवर तो कोण बघणार? ७२०पी आणि एच.२६४ (जुन्या फोनवरही चालणारं व्हिडिओचं रूप) केलं की तोच ७० एमबीवर येतो. इथे मी हावरटपणा केला. हँडब्रेकमध्ये क्वालिटीचा आकडा जितका मोठा तितकी फाइल लहान, म्हणून मी थेट २८ ठेवला. फाइल ३० एमबीची झाली, मी खूश. मामांनी फोनवर पाहिलं आणि विचारलं, "जावईबापू, यात डोळा कुठाय?"

खरंच नव्हता. छाटणीच्या व्हिडिओत बघायचा असतो तो काडीवरचा डोळा, म्हणजे नवी फूट येते ती जागा: कितव्या डोळ्यावर कात्री लावायची, कोणता फुगीर, कोणता चपटा. २८ वर ते सगळं तपकिरी लापशीसारखं दिसत होतं. शेवटी २२ वर आलो. नुसतं बोलणं असेल तिथे २६ चालतं, काडी जवळून दाखवायची तिथे २२. मेहुण्याच्या आयफोनवर काढलेले दोन व्हिडिओ एचईव्हीसी या नव्या रूपात होते. ते मी तसेच चढवले, तर कित्येकांच्या जुन्या फोनवर आवाज यायचा आणि चित्र काळं. तेही पुन्हा एच.२६४ मध्ये केले.

हँडब्रेकमध्ये 'वेब ऑप्टिमाइज्ड' नावाचा एक चौकोन आहे. त्याला टिक करा, विसरू नका. एमपी४ फाइलमध्ये कोणती फ्रेम (व्हिडिओतलं एकेक चित्र) कुठे आहे याची एक सूची असते. फोन ती शेवटी लिहितो, कारण रेकॉर्डिंग संपेपर्यंत सूची पुरी होत नाही. पाहणाऱ्याच्या ब्राउझरला ती आधी हवी असते. टिक केलं की सूची फाइलच्या सुरुवातीला येते. पहिले नऊ व्हिडिओ मी टिकशिवाय चढवले होते आणि सगळ्यांना सांगत होतो की तुमचंच नेटवर्क खराब आहे.

मग आला ऑक्टोबर, गोडी छाटणीचा हंगाम. पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या बागांत उतरलेल्या, छाटणीनंतर डोळे फुटावेत म्हणून त्यांना पेस्ट लावायची घाई, आणि व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी आमच्या पेस्टिंगच्या पानाची लिंक टाकली. सकाळी साडेसातला साइट बंद. पडद्यावर '५०८, रिसोर्स लिमिट', म्हणजे सर्व्हरवरचा आमचा वाटा संपला. नऊला पुन्हा सुरू, साडेनऊला पुन्हा बंद. दुपारी खातंच गोठवलं.

चॅटवरच्या माणसाशी दोन तास भांडलो. माझं म्हणणं एवढंच की पैसे घेताना 'अमर्याद' लिहिलं होतं. त्याने अटींमधलं कलम पाठवलं: जागा साइटसाठी आहे, मीडियाचं कोठार करण्यासाठी नाही. मी विचारलं, व्हिडिओ हा साइटचा भाग नाही का? तो म्हणाला, मोठा प्लॅन घ्या. मी पुन्हा अमर्यादचा अर्थ विचारला, त्याने पुन्हा प्लॅनची लिंक दिली. मोठ्या प्लॅनचा दर पहिल्या वर्षी तिप्पट, नूतनीकरणाला त्याहून जास्त, वर १८ टक्के जीएसटी. संध्याकाळी व्हिडिओ काढून घेतल्यावर खातं उघडलं. हंगामाचे ते चार दिवस गेले ते गेलेच. मामा काही बोलले नाहीत, त्याचा जास्त त्रास झाला.

हिशेब केला तर त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. ७० एमबीचा व्हिडिओ ४०० जणांनी पाहिला की २८ जीबी होतात. तेही एका व्हिडिओचे. वर माझं बॅकअपचं प्लगइन दर रविवारी सगळे व्हिडिओ झिपमध्ये भरून त्याच सर्व्हरवर ठेवत होतं. म्हणजे एकाच कोठीत तोच गहू चारदा.

जानेवारीत सगळे व्हिडिओ ऑब्जेक्ट स्टोरेजवर, म्हणजे नुसत्या फाइली ठेवायच्या भाड्याच्या जागेवर, हलवले. अॅमेझॉनने २००६ साली एस३ ही अशी सेवा काढली तेव्हापासून ही पद्धत रुळली. आता त्याच धर्तीच्या स्वस्त सेवाही आहेत, जेवढे जीबी ठेवाल आणि जेवढे वाटाल तेवढेच पैसे. फाइली तिकडे, साइट इकडे. एचएलएस पद्धतीने व्हिडिओचे छोटे तुकडे पाडावेत का हाही विचार केला. पण सहा सेकंदांचा एक तुकडा धरला तर सहा मिनिटांचे ६०, तीन दर्जांचे १८०, आणि ३४ व्हिडिओंच्या सहा हजारांवर फाइली. मला ते झेपलं नसतं. एकच ७२०पी एमपी४ ठेवली. हलवल्या दिवशी सबटायटल गायब झाली, कारण ती आता दुसऱ्या डोमेनवरून येत होती आणि ब्राउझर ती परवानगीशिवाय घेत नाही. स्टोरेजच्या सेटिंगमध्ये माझ्या डोमेनला परवानगी दिली, प्लेयरमध्ये एक शब्द वाढवला, आणि सुटलं. एप्रिलची खरड छाटणी साइट न पडता पार पडली. त्या महिन्याचं स्टोरेजचं बिल आमच्या कॉलेज रोडवरच्या चौघांच्या मिसळीपेक्षा कमी आलं.

आणि चप्पल? ती स्टोरेजवरही सोबत आली.

डेटा वाचावा म्हणून मी 'प्रीलोड' (व्हिडिओ आधीच उतरवून ठेवणं) बंद ठेवलंय. त्यामुळे बटण दाबेपर्यंत व्हिडिओचा एक बाइटही उतरत नाही आणि पाहणाऱ्यापुढे फक्त थंबनेल असतं. एका पानावर सात व्हिडिओ, सात चपला. शेंडा खुडण्याचा कोणता आणि सबकेनचा (खुडल्यावर बगलेतून येणाऱ्या काडीचा) कोणता, हे कसं ओळखावं? प्लगइनच्या लोकांना मेल केला. उत्तर सभ्य आलं: फ्रेम निवडायची सोय प्रोमध्ये आहे. म्हणजे चुकीची फ्रेम फुकट आणि बरोबर फ्रेम विकत. मी मामांना सांगून पाहिलं की आधी फोन वर धरा, मग बटण दाबा. ते हो म्हणाले. पुढच्या व्हिडिओत दोन्ही चपला होत्या.

इथवरचं बरंचसं मी मे महिन्यात लिहून ठेवलं होतं आणि शेवटी प्लगइनला दोन तारे द्यायचे असं ठरवलं होतं. आता जुलैत पुढचं लिहितोय आणि थोडं मागे घ्यावं लागणार आहे.

ऑक्टोबरच्या बंद पडण्यात माझा हात होता. सप्टेंबरमध्ये कोणीतरी आमचा व्हिडिओ उचलून स्वतःच्या नावाने फिरवला, म्हणून मी प्लगइनमधलं 'फाइलची लिंक लपवा' चालू केलं होतं. ते चालू असलं की व्हिडिओ सर्व्हर थेट देत नाही, पीएचपीची स्क्रिप्ट देते, आणि पाहणारा पाहतो तोवर त्याच्या नावे एक प्रक्रिया अडकून पडते. स्वस्त प्लॅनवर अशा एका वेळी मोजक्याच चालतात. त्यामुळे मूठभर लोक एकदम बघायला बसले की दुकान बंद. व्हिडिओ मधूनच पुढे सरकवता येत नव्हता तोही त्यामुळेच, ती स्क्रिप्ट फाइलचा हवा तेवढाच तुकडा देत नव्हती. म्हणजे बँडविड्थने खातं गोठलं असेल, पण सकाळी साडेसातला साइट पडली ती मी चालू केलेल्या 'लिंक लपवा'मुळे. चॅटवरच्या त्या माणसाला मी नको ते बोललो होतो. 'अमर्याद' या शब्दाबद्दलचा राग मात्र तसाच आहे.

दुसरा शोध जास्त जिव्हारी लागला. वर्डप्रेसचा स्वतःचा जो व्हिडिओ ब्लॉक (पानावर व्हिडिओ बसवायची तयार चौकट) आहे, त्याच्या उजव्या पट्टीत 'पोस्टर इमेज' नावाचा पर्याय आहे. हवा तो फोटो लावा. फुकट, प्लगइनशिवाय. प्रीलोडही तिथेच. सबटायटलही त्याच ब्लॉकमध्ये. अकरा महिने मी चप्पल बघत होतो आणि उपाय दोन क्लिकवर होता!

मग काढून टाक प्लगइन, असं बायको म्हणाली. काढून पाहिलं. ३४ही व्हिडिओ अदृश्य झाले आणि त्यांच्या जागी चौकटी कंसातले शॉर्टकोड, म्हणजे प्लगइनलाच कळणाऱ्या खुणा, उघडे पडले. दहा सेकंदांत प्लगइन परत चालू केलं. ही गोष्ट घेण्याआधी कोणी सांगत नाही: व्हिडिओ तुमचे, फाइली तुमच्या, पण पानावरची जागा प्लगइनच्या भाषेत लिहिलेली असते. नवीन कोणी सुरू करत असेल तर आधी साधा ब्लॉक वापरून बघा, यादीची शोभा नंतर. माझ्यासारखे शंभरभर व्हिडिओंच्या आत असाल तर प्लगइनची गरजच नाही, असं माझं आजचं मत. तारे तीन देतो. एक वाढवला तो माझ्या चुकीबद्दल.

रोज रात्री जेवणानंतर दोन पानं हाताने बदलतोय. शॉर्टकोड काढायचा, ब्लॉक टाकायचा, काडीचा स्वच्छ फोटो पोस्टर म्हणून लावायचा. १९ व्हिडिओ झाले. होस्टिंगच्या नूतनीकरणाची तारीख ऑगस्टमध्ये आहे, त्याआधी उरलेले १५ व्हायला हवेत. त्यांच्यावर अजून चप्पलच आहे.